तबकडी : अस्सल कोणती, नक्कल कोणती ?

विनाइलच्या तबकड्या जमविण्याची हौस अलीकडे पुन्हा वाढली आहे. आणि विनाइल तेवढें अस्सल, सी.डी. व संगणकावरील प्रत या नकला, असें संग्राहक निःशंकपणें सांगतात. हस्तलिखितें पारखण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांनीं तरी हें विधान तपासल्यावांचून मान्य करूं नये, असें आम्हांस वाटतें.

अब्दुल करीमखाँसाहेबांचेंच उदाहरण घेऊं. खाँसाहेब १९३७ सालीं वारले. विनाइलची ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी अमेरिकेंत निघाली ती १९४८ सालीं. अर्थात् त्यांचा एकहि स्वर मूळचा विनाइलवर असणें शक्य नाहीं. त्यांचें गाणें मेणावर कोरलें गेलें, मेणावरून धातूचे ठसे झाले, व त्या ठशांनीं लाखेच्या तबकड्या छापल्या गेल्या. संग्राहकाच्या हातीं येणारें अस्सल साधन तें हेंच. पुढें निघालेली एल.पी. ही उतरून घेतलेली प्रत होय. ती मूळ धातूच्या ठशावरून काढली असेल तर झिजलेल्या लाखेहून सरसहि ठरेल. पण तसें आहे कीं नाहीं हें वेष्टनावर क्वचितच छापलेलें असतें. आज नव्यानें निघणारें विनाइल तर पुष्कळदां संगणकावरील प्रतीवरूनच कोरलेलें असतें. तें अस्सल कसें म्हणावें ?

प्रतीची खरी परीक्षा पाठशुद्धीवर होते. जुन्या तबकड्यांवर मिनिटास ७८ फेऱ्या हें मान नेमकें पाळलेलें नसे. ७४ फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी ७८ वर फिरविली कीं गवयाची काळी एक पट्टी जवळजवळ पांढरी दोन होते, लय चढते, आवाजाची जातहि पालटते. अशा प्रतीवरून घराण्याच्या गायकीविषयीं अनुमानें काढणें धोक्याचें आहे. दुसरा दोष खरखर घालविण्याचा. तिच्याबरोबर तंबोऱ्याची झांक व शब्दांतील सकार-शकारहि जातात. मोडी कागदाची नक्कल करतांना लेखनिकानें भाषा ‘सुधारावी’, त्यांतलाच हा प्रकार.

१९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहर जान गाइली. गाण्याच्या शेवटीं तिनें आपलें नांव इंग्रजींत उच्चारलें आहे. मुद्रणें छापण्याकरितां जर्मनीस हानोव्हर येथें जात. तेथील कारागिरांस गाणाराचें नांव कळावें, हा त्याचा हेतु सांगतात. पोथीच्या पुष्पिकेचेंच हें काम. जी प्रत हा उच्चार गाळील तिनें पुष्पिका फाडली असें आम्ही समजूं, मग ती विनाइलवर असो वा अन्यत्र.

श्रवणसुखाचा वाद आम्ही घालीत नाहीं. दहा इंची लाखेच्या एका बाजूस तीनच मिनिटें मिळत; एल.पी.वर वीस मिनिटें सलग राग ऐकण्याचें सुख निराळें. परंतु प्रश्न पुराव्याचा असेल तर फेऱ्यांचें मान नमूद केलेली, सफाई न केलेली संगणकावरील प्रत आम्ही देखण्या एल.पी.च्या वर ठेवूं. पोलादी सुईनें दर वेळीं मूळ तबकडी थोडी झिजते. अशी प्रत हातीं असली म्हणजे तो नाशहि टळतो.

आमच्या संग्रहांत एकाच गाण्याची लाखेची तबकडी व एल.पी. दोन्ही आहेत. एल.पी.च्या वेष्टनावर छायाचित्र व स्तुति भरपूर, साल मात्र नाहीं. लाखेच्या तबकडीवर कागदाच्या कडेशीं, उजेड तिरपा धरला असतां, मुद्रणाचा अनुक्रमांक कोरलेला दिसतो.