ऊर्जाकार्यक्षमतेचे माप आणि औद्योगिक वास्तव : वॉल्डन गुणांकाची चिकित्सा

प्रस्तावना :
कारखान्यातील मोटारीचे कंपन, बॉयलरचे तापमान, जलवाहिनीतील दाब या राशी अखंड स्वरूपाच्या असतात. त्यांचे अंकांत रूपांतर करणारा अॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर हा परस्परांशी जोडलेल्या औद्योगिक उपकरणांचा आवश्यक घटक होय. अशी अनेक उपकरणे बॅटरीवर चालत असल्याने कन्व्हर्टरची ऊर्जाकार्यक्षमता हा संशोधनाचा महत्त्वाचा विषय ठरला आहे. मात्र ही कार्यक्षमता ज्या मापाने मोजली जाते, त्या मापाची चिकित्सा होणेही तितकेच अगत्याचे आहे.

मापाचे स्वरूप :
रॉबर्ट वॉल्डन यांनी १९९९ मध्ये कन्व्हर्टरांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाने आज रूढ असलेल्या गुणांकात, प्रभावी बिटसंख्येइतका २ चा घात आणि नमुने घेण्याचा वेग यांच्या गुणाकाराने वीजखर्चाला भागले जाते. उत्तर जितके लहान, तितका कन्व्हर्टर काटकसरी. भिन्न रचनांची तुलना एका आकड्यात शक्य करणे, हे या मापाचे निर्विवाद श्रेय आहे.

मर्यादा :
पहिली मर्यादा भौतिकीय आहे. प्रत्येक वाढीव बिटमागे ऊर्जा दुप्पट होते, असे हा गुणांक गृहीत धरतो. परंतु अचूकता जेव्हा उष्णताजन्य नॉइजने बांधली जाते, तेव्हा एक बिट वाढवण्यासाठी नॉइजची शक्ती एक चतुर्थांशावर आणावी लागते. त्यासाठी कपॅसिटर चौपट करावा लागतो आणि ऊर्जाही सुमारे चौपट लागते. परिणामी उच्च अचूकतेच्या रचनांवर या मापात अन्याय होतो. रिचर्ड श्रायर यांच्या नावाने ओळखले जाणारे माप ही त्रुटी दूर करते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. २००८ मध्ये व्हॅन एल्झाकर व सहकाऱ्यांनी सादर केलेला १० बिटचा कन्व्हर्टर सेकंदाला १० लक्ष नमुने घेत असता केवळ १.९ मायक्रोवॅट वीज वापरत होता. २२५ मिलिअॅम्पिअर-तास क्षमतेच्या ३ व्होल्ट नाणेसदृश सेलमध्ये सुमारे २,४३० ज्यूल ऊर्जा असते. केवळ गणिताने पाहता हा सेल अशा कन्व्हर्टरला सुमारे ४० वर्षे पुरावा! प्रत्यक्षात सेल त्याआधीच संपतो. कारण संदर्भ-व्होल्टेज, संवेदकाचा अॅम्प्लिफायर, निद्रावस्थेतील गळती आणि मिलिवॅटच्या श्रेणीत वीज घेणारा बिनतारी प्रेषक यांचा खर्च या गुणांकात धरलेलाच नसतो. मिनिटाला एकदा तापमान नोंदवणाऱ्या उपकरणात तर रूपांतरापेक्षा जागे होण्याचा आणि स्थिरावण्याचा काळच महाग पडतो.

पर्यायी दृष्टी :
म्हणून प्रत्येक उपयुक्त मापनामागे संपूर्ण उपकरणाने खर्चिलेली ऊर्जा हे पूरक माप स्वीकारणे इष्ट ठरेल. हे माप उपयोगानुसार बदलेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच वॉल्डन गुणांक त्याज्य ठरत नाही. त्याचे स्थान मंडलांच्या तुलनेपुरते आहे, उपकरणाच्या आयुष्याचे भाकीत करण्यापुरते नाही.

निष्कर्ष :
कन्व्हर्टरमधील वीजबचत दहापट वाढली तरी एकूण खर्चातील त्याचा वाटाच अल्प असेल, तर बॅटरी बदलण्यासाठी कामगाराला यंत्रावर पूर्वीइतक्याच वेळा चढावे लागेल. अभ्यासक्रमात आणि प्रकल्प-मूल्यमापनात गुणांकासोबत संपूर्ण साखळीचा ऊर्जाताळेबंद मागितला गेल्यास संशोधन आणि कारखाना यांतील अंतर कमी होण्यास साहाय्य होईल.