‘सुपर मारिओ मेकर’ : कर्त्याची कसोटी

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत एका व्हिडिओ गेमचें परीक्षण पाहून आमचे कांहीं वाचक नाक मुरडतील, हें आम्ही जाणून आहों. मुलांच्या करमणुकीची ही वस्तु; काव्यशास्त्रविनोदाशीं तिचा संबंध तो काय, असें ते विचारतील. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, टीकाकाराचें काम वस्तूची प्रतिष्ठा पाहून सुरू होत नसतें. त्या वस्तूंत कर्ता, कृति आणि रसिक हें त्रिकूट आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें. ‘सुपर मारिओ मेकर’ या खेळांत तें आहे. इतकेंच नव्हे, तर कर्ता व रसिक यांच्यामधील जो करार साहित्यांत नेहमीं अव्यक्त राहतो, तो येथें एका स्पष्ट नियमाच्या रूपानें मांडलेला आहे. त्या नियमाचें मोल काय, आणि तो कोठें अपुरा पडतो, हें पाहणें हाच या लेखाचा हेतु.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. जपानांतील क्योतो शहरीं १८८९ सालीं ‘हानाफुदा’ नांवाचे खेळण्याचे पत्ते तयार करण्यासाठीं निघालेली निन्टेंडो कंपनी पुढें यंत्रावरील खेळांकडे वळली, आणि १९८५ च्या सप्टेंबरांत तिनें ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ प्रसिद्ध केला. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख शिल्पकार. मिशाळ मारिओ डावीकडून उजवीकडे धांवतो, खड्डे ओलांडतो, शत्रूंच्या डोक्यावर पाय देतो आणि शेवटीं ध्वजस्तंभ गांठतो. कथानक म्हणावें तर एवढेंच. अशा एका मुक्कामापर्यंतच्या वाटेस खेळणारे लोक ‘लेव्हल’ म्हणतात. तोच शब्द आम्हीहि वापरूं. त्या काळीं या लेव्हल्स कर्ते चौकटींच्या कागदावर हातानें आंखीत असत. बरोबर तीस वर्षांनीं, २०१५ च्या सप्टेंबरांत, कंपनीनें जणूं तोच चौकटींचा कागद खेळणाऱ्यांच्या हातीं दिला. ‘वी यू’ नांवाच्या यंत्रासाठीं निघालेला ‘सुपर मारिओ मेकर’ तो हाच. आणि त्याचे निर्माते म्हणून तेझुका यांनींच काम पाहिलें.

विटा, नळ, कासवें, तोफा, सरकते पट्टे अशा अनेक वस्तु पडद्यावर उचलून हव्या तेथें ठेवाव्या आणि आपली वाट रचावी, अशी ही योजना आहे. १९८५ चा मूळ खेळ, १९८८ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’, १९९० चा ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ आणि २०१२ चा ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू’ या चार खेळांच्या चार शैली कर्त्यापुढें असतात. शैली बदलली कीं केवळ चित्रांचा पोशाख बदलतो असें नाहीं. एकींत मारिओस गिरकी घेऊन उडी मारतां येते, दुसरींत भिंतीस पाय लावून उसळतां येतें, मूळ शैलींत यांपैकीं कांहींच येत नाहीं. आर्येंतील आशय ओवींत उतरविला असतां जसा नुसता वेष न पालटतां चालहि पालटते, तसाच हा प्रकार आहे.

आतां मुख्य नियम. लेव्हल तयार झाली म्हणजे ती लगेच जगापुढें मांडतां येत नसे. कर्त्यास ती स्वतः आरंभापासून अखेरपर्यंत खेळून पार करावी लागे. तोंपर्यंत ती प्रसिद्ध करण्याची सोय यंत्र त्यास देतच नसे. आमच्या मतें या खेळाचा खरा आत्मा त्याच्या विपुल साधनसामग्रींत नसून या एका अटींत आहे. निर्मितीचीं साधनें सर्वांस मिळालीं म्हणजे सर्व कलावंत होतात, हा भ्रम छापखाना आला तेव्हांपासून आपल्याकडेहि आहे. साधनांनीं निर्मिति वाढते, जबाबदारी वाढत नाहीं. ती वाढविण्यासाठीं असा कांहीं निर्बंध लागतो. ज्या दुःखाच्या दरींत लेखक कल्पनेनेंहि उतरला नाहीं, तींत वाचकास लोटून देणाऱ्या कादंबऱ्या आपण किती वाचल्या! जें व्रत स्वतः एक दिवसहि पाळलें नाहीं, त्याचा उपदेश करणारे निबंध तर मोजण्यापलीकडे आहेत. या खेळाचा नियम अशा कर्त्यास दारांतच अडवितो आणि म्हणतो, ‘अगोदर तूं चालून दाखव.’

तथापि या नियमाची मर्यादाहि ओळखली पाहिजे. त्यानें वाट शक्य आहे एवढें सिद्ध होतें. ती चांगली आहे असें नव्हे. कर्त्यास आपले सारे सांपळे ठाऊक असतात. कोठें अदृश्य वीट आहे, कोणता नळ फसवा आहे, कोणत्या क्षणीं थांबावें, हें सर्व मनांत धरून तो चालतो. पहिल्यानेंच येणाऱ्या परक्याची दृष्टि त्याच्यापाशीं नसते, आणि कोणतीहि परीक्षा ती त्यास देऊं शकत नाहीं. ती त्यानें स्वतःच कमवावी लागते.

ती कशी कमवावी, याचा आदर्श १९८५ च्या खेळाची पहिलीच लेव्हल होय. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूस उभा असतो व उजवीकडे मोकळी जागा असते. म्हणून कोणींहि न सांगतां खेळणारा उजवीकडे वळतो. लवकरच समोरून एक शत्रु संथपणें चालत येतो. त्यास शिवल्यास मरण. यावरून उडी मारावयाची हें कळतें. प्रश्नचिन्ह असलेल्या विटेस डोकें लागलें कीं बक्षीस मिळतें. तींतून निघालेलें अळंबें पुढील नळावर आपटून परत येतें, आणि तें वाईट नसून हितकर आहे, हेंहि अंगाशीं येऊन शिकवून जातें. एक अक्षर न लिहितां एवढा सारा पाठ देणारी ही रचना म्हणजे उत्तम नाटकाचा पहिला प्रवेशच होय. आमच्या साहित्यशास्त्रांत ज्यास व्यंजना म्हणतात, ती याहून निराळी नाहीं.

‘मेकर’ मध्यें जगभरच्या लोकांनीं ज्या लेव्हल्स रचल्या, त्यांतील बहुतेक सामान्य होत्या, हें सांगावयास नकोच. परंतु कांहीं जाति लक्षांत घेण्याजोग्या आहेत. एक जात अशी कीं, तींत खेळणाऱ्यानें कांहींच करावयाचें नसतें; कळ न दाबतां उभें राहिलें कीं झुले, तोफा व पट्टे मारिओस फेंकीत, झेलीत शेवटापर्यंत नेतात. दुसरींत विटांतून निघणाऱ्या स्वरांची जुळणी करून धांवतां धांवतां एखादी चाल वाजविली जाते. तिसरी जात अतिदुर्घट लेव्हल्सची. तेथें क्षणाचा शतांश चुकला कीं संपलें. आम्हांस यांवरून आपल्या चित्रकाव्याची आठवण होते. मोरोपंतांनीं ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून ‘निरोष्ठ रामायण’ रचलें, तेव्हां त्यांनींहि असाच एक स्वतः घातलेला खोडा पायांत घेऊन धांवून दाखविलें होतें. मम्मटानें चित्रकाव्यास खालची पायरी दिली; ती आम्ही येथेंहि कायम ठेवूं. कारण आपोआप चालणारी लेव्हल पाहणाऱ्यास थक्क करते, पण त्यास कांहीं करूं देत नाहीं. आणि अतिदुर्घट लेव्हल पुष्कळदां कर्त्याच्या चातुर्याचें प्रदर्शन असते. क्षेमेंद्रानें ज्यास औचित्य म्हटलें, त्याची उणीव दोन्हींकडे जाणवते. असें असलें तरी कौशल्याच्या या कसरतींस तुच्छ लेखणें बरें नव्हे. भाषेचे वा खेळाचे सांधे किती लवतात, हें अशाच प्रयोगांनीं कळतें.

आतां रसिकाकडे वळूं. या खेळांत खेळणारा मेला कीं त्याच ठिकाणीं पूर्वीं मेलेल्या इतरांच्या जागा फुल्यांनीं दाखविल्या जात. किती जणांनीं यत्न केला आणि शेंकडा किती यत्न सिद्धीस गेले, हेंहि प्रत्येक लेव्हलबरोबर नोंदलेलें असे. ग्रंथालयांतील जुन्या पुस्तकाच्या समासांत पूर्वींच्या वाचकांच्या खुणा आढळाव्या, तशा या फुल्या वाटतात. आपल्या आधीं कोणी येथें अडखळलें होतें, या जाणिवेनें एकट्या खेळणाऱ्यास सोबत मिळते.

परंतु ज्या लेव्हल्सवर नुसत्या फुल्याच होत्या, आणि जेथें कर्त्यावांचून कोणीहि ध्वजस्तंभ गांठला नव्हता, त्यांचें काय? अशा हजारों लेव्हल्स पडून होत्या. ‘टीम झिरो परसेंट’ नांवाच्या खेळाडूंच्या एका मंडळानें त्या सर्व पार करण्याचें व्रत घेतलें. ३१ मार्च २०२१ नंतर या खेळांत नवी लेव्हल प्रसिद्ध करण्याची सोय राहिली नाहीं. पुढें कंपनीनें ८ एप्रिल २०२४ ही इंटरनेटवरील सेवा बंद करण्याची तारीख जाहीर केली. व्रतास अशी मुदत आली. २०२४ च्या मार्चांत ‘ट्रिमिंग द हर्ब्ज’ ही एकच लेव्हल उरली. ती अवघ्या कांहीं सेकंदांची. पण अनेक कसलेले खेळाडू तिच्यापुढें हात टेकीत होते. आणि २२ मार्चला तिच्या कर्त्यानें उघड केलें कीं, आपण ती स्वतःच्या बोटांनीं कधींच पार केली नव्हती. आधीं ठरविलेल्या कळा एका साधनाकडून दाबवून घेऊन यंत्राची अट पुरी केली होती.

येथें टीकाकारास आपलें मत दिल्यावांचून सुटका नाहीं. मंडळानें ही लेव्हल नियमाबाहेरची ठरविली आणि आपलें व्रत पूर्ण झाल्याचें मानिलें. तें योग्यच झालें. तरीहि कांहीं खेळाडू थांबले नाहींत, आणि ५ एप्रिल रोजीं, सेवा बंद होण्यास तीन दिवस उरले असतां, एकानें ती लेव्हल हातानें खेळून पार केली. यावरून कित्येक म्हणतील कीं, शेवट गोड झाला, कर्त्याचा अपराध धुऊन निघाला. आम्हांस हें मान्य नाहीं. ‘मी ही वाट चाललों आहें’ अशी जी सही प्रत्येक लेव्हलवर अदृश्यपणें असते, ती त्यानें खोटी केली होती. दुसऱ्यांनीं आपले दिवस आणि रात्री वेंचिल्या त्या त्या सहीवर विश्वास ठेवून. खोट्या शपथेंतून एक खरा पराक्रम जन्मास आला, हें सत्य. परंतु त्याचें श्रेय पराक्रम करणाऱ्याचें आहे, शपथ घेणाऱ्याचें नव्हे. यंत्रास नियम लावतां येतो, पण प्रामाणिकपणा यंत्राच्या तपासणीपलीकडे राहतो, हाच या प्रकरणाचा धडा होय.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे. आपल्या हयातींत समानधर्मी रसिक भेटला नाहीं तरी भवभूतीनें धीर सोडला नाहीं. काळ अमर्याद आहे आणि पृथ्वी विशाल आहे, कधींतरी कोठेंतरी तो जन्मास येईल, अशी त्याची श्रद्धा होती. या खेळांतील कर्त्यांस तेवढीहि आशा ठेवतां आली नाहीं; त्यांच्या काळास कंपनीच्या दप्तरांत तारीख पडली होती. ज्यांनीं एखादी लेव्हल आपल्या यंत्रांत उतरवून ठेवली, त्यांच्यापाशीं ती राहिली; एरवीं तिच्यापर्यंत पोंचण्याचा राजमार्ग त्या दिवशीं बंद झाला. २०१९ सालीं निघालेल्या ‘सुपर मारिओ मेकर २’ मध्येंहि कर्त्यास लावलेली कसोटी कायम ठेविली आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु कर्त्याकडून ‘स्वतः चालून दाखव’ अशी हमी घेणाऱ्या कंपनीनें ‘ही वाट आम्ही मोडूं देणार नाहीं’ अशी उलट हमी मात्र दिली नाहीं. छापलेलें पुस्तक, मग त्याचा कर्ता कितीहि सामान्य असो, एखाद्या ग्रंथालयाच्या फळीवर कसर खात का होईना, टिकून राहतें आणि आपल्या एका वाचकाची वाट पाहतें. लोकांच्या हातीं निर्मितीचीं साधनें देणाऱ्यांनीं त्या निर्मितीच्या जतनाची सोयहि करावी, अशी मागणी करण्याचा हक्क रसिकांस आहे, आणि ती मागणी त्यांनीं वेळींच केली पाहिजे.