घोडउडी ते किल्लेकोट

आपल्याकडच्या जुन्या बुद्धिबळात राजाला सबंध डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असे. ही उडी शह बसायच्या आधी वापरायची, शह बसला की ती गेली, असा पुष्कळ ठिकाणचा रिवाज. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. पलीकडच्या टोकाला पोचले की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले त्याचाच दर्जा त्याला मिळे, हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. समोरचा राजा एकटा उरला तर बुर्जी, म्हणजे अर्धामुर्धा विजय. आणि प्याद्याने दिलेली मात, प्यादेमात, तिचा मान वेगळाच. आज परभणीहून जिंतूरकडे जाताना लागणाऱ्या झरीत एखादी मुलगी बुद्धिबळ शिकायला बसली, तर मोबाइलवर असो की शाळेच्या स्पर्धेसाठी, तिला यातले काहीच शिकावे लागत नाही. ती किल्लेकोट करते, प्यादे दोन घरे ढकलते आणि शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा डोळे झाकून वजीर करते. पट तोच, मोहऱ्यांची नावेही तीच, पण खेळ दुसरा. मराठी मुलखातल्या बैठ्या खेळांतला हा सर्वांत मोठा पद्धतबदल, आणि त्याची समीक्षा आपण जवळजवळ केलेलीच नाही.

पद्धतबदलाची अखंड चर्चा करणारी एक जमात जगात आहे, ती म्हणजे टेबलाभोवती बसून रोलप्लेइंग गेम खेळणारे लोक. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात, गोष्ट बोलण्यातून पुढे सरकते आणि जिथे निकाल अनिश्चित तिथे फासे पडतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने 1974 साली या प्रकाराला छापील रूप दिले. तेव्हापासून नियमांच्या पद्धती इतक्या निघाल्या की कोणती सोडून कोणती धरावी हा त्या खेळाचाच एक भाग होऊन बसला आहे. या मंडळींचे वागणे मोठे गमतीचे. 2008 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची चौथी आवृत्ती आली आणि तिने नियम फार बदलले, तेव्हा कितीतरी जण पायझो कंपनीच्या ‘पाथफाइंडर’कडे गेले, कारण 2009 साली आलेल्या त्या खेळात तिसऱ्या आवृत्तीचाच सांगाडा होता. म्हणजे पद्धत टिकवण्यासाठी त्यांनी कंपनी बदलली. जानेवारी 2023 मध्ये उलटे झाले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने त्याच्या खुल्या परवान्याच्या अटी आवळायचे ठरवल्याचे बाहेर फुटले, आणि नियमांविषयी काडीची तक्रार नसलेले खेळाडूही नव्या पद्धती शोधू लागले. कंपनीने महिनाअखेरीस माघार घेऊन मूळ नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये मोकळा केला, तरी गेलेले सगळे परतले नाहीत.

एवढा अनुभव गाठीला असूनही पद्धत बदलण्याची कला अजून कच्चीच आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि ती कच्ची राहण्याचे कारण एकच: बदलणारे आकड्यांचे रूपांतर करतात, किमतींचे करत नाहीत. जुन्या पद्धतीतला पाचव्या पायरीचा योद्धा नव्या पद्धतीत कितव्या पायरीचा, त्याच्या तलवारीचे गुण किती, याची कोष्टके तयार होतात. प्रत्येक नियमसंच खेळाडूच्या मनात एक बाजारभाव बसवतो, कोणती चूक किती महाग, कोणते धाडस किती स्वस्त. तो भाव कोष्टकात येत नाही, तो हातात मुरलेला असतो. खेळाडू नव्या पटावर बसतो आणि जुन्या भावाने खरेदी-विक्री करत राहतो.

हे हिशेबाने दाखवता येते, आणि त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. पच्चिशीत सहा कवड्या टाकण्याची एक प्रचलित रीत आहे. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितके दान, पण एकच उताणी पडली तर दहा आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. कवडी उताणी वा पालथी पडायची शक्यता सारखी धरली, तर तीन उताण्या पडण्याच्या वाटा 64 पैकी 20, आणि पंचविसाची वाट फक्त एक. म्हणून पच्चिशी खेळणारा दोन-तीन-चारच्या भरवशावर बेत आखतो आणि पंचवीस पडलेच तर देवाचे देणे समजतो. या खेळाचे इंग्रजी रूप लुडो, त्याचे पेटंट इंग्लंडमध्ये 1896 साली घेतले गेले. त्यात कवड्या जाऊन एक चौकोनी फासा आला. आता एकापासून सहापर्यंत प्रत्येक दानाची शक्यता सारखीच, सहापैकी एक. मधल्या दानांचा भरवसा संपला आणि बेत आखण्याला काही अर्थ उरला नाही. शिवाय पच्चिशीत समोरासमोरचे दोघे भिडू असत आणि दान पडूनही चाल न करण्याची सवड असे; लुडोत प्रत्येक जण एकटा. सोंगट्या घरी नेण्याचे उद्दिष्ट तेच राहिले, भाव मात्र आमूलाग्र बदलला. खेळ म्हणून लुडो पच्चिशीपेक्षा हलका आहे, आणि हे बोलायला मला संकोच वाटत नाही.

रोलप्लेइंगमध्ये नेमकी हीच फट दिसते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये वीस बाजूंचा एक फासा असतो, प्रत्येक आकडा शंभरात पाच वेळा. स्टीव्ह जॅक्सनच्या 1986 सालच्या ‘गर्प्स’मध्ये साधे तीन फासे एकत्र टाकतात. तिथे दहा किंवा अकरा पडायची शक्यता प्रत्येकी साडेबारा टक्के, आणि तिन्ही एक पडायची 216 मध्ये एक. वीस बाजूंच्या फाशावर वाढलेला खेळाडू उडी मारतो, कारण त्याच्या पूर्वीच्या जगात चमत्कार विसातून एकदा होतो. तीन फाशांच्या जगात चमत्कार क्वचित, पण कसलेला माणूस सहसा चुकत नाही. पहिल्या जगातले शूर दुसऱ्यात मूर्ख ठरतात, आणि मग टेबलावर तक्रार होते की नवी पद्धत रुक्ष आहे. बक्षिसांचेही तसेच. ‘डंजन्स’च्या सुरुवातीच्या नियमांत सोन्याच्या एका नाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळे, त्यामुळे राक्षसाला चुकवून खजिना लांबवणारा पुढे जाई. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गुणांचा मुख्य स्रोत संकटाशी झालेला सामना हा झाला, आणि चोरपावलांचा खेळ मारामारीकडे झुकला. तिथून कोणी 1981 सालच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये गेला, जिथे भयाण काही नुसते पाहिले तरी पात्राचे मानसिक स्वास्थ्य ढासळते, आणि सवयीने राक्षसावर धावून गेला, की तासाभरात त्याचे पात्र मेलेले किंवा वेडे झालेले असते.

आमच्या मराठवाड्याला रूपांतराचे हे दुखणे दुसऱ्या वाटेने चांगले परिचयाचे आहे. निजामी राजवटीत परभणी जिल्ह्यात हाली सिक्का चाले, ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया तो कलदार, आणि साधारण सात हालीला सहा कलदार असा भाव. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली, त्यानंतर हाली हळूहळू गेली आणि 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. हिशेबापुरते हे रूपांतर बिनचूक होते. तरी पंचवीस पैशाला लोक चार आणेच म्हणत राहिले, आणि एखादी गोष्ट सोळा आणे खरी असणे आजही थांबलेले नाही. बोलण्यात ही सवय निरुपद्रवी आहे. डावात तिची किंमत मोजावी लागते.

बुद्धिबळात ती कोणी मोजली याचा सर्वांत लखलखीत पुरावा मराठी मुलखाबाहेरचा, पंजाबातला आहे. मीर सुलतान खान देशी पद्धतीने खेळत मोठा झाला. विलायती नियम तो उशिरा शिकला, 1928 साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकला आणि 1929, 1932, 1933 अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे त्याने मिळवली. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. समकालीनांचे निरीक्षण एकमुखी होते: डावाची सुरुवात कच्ची, मधला आणि शेवटचा भाग असामान्य. याचा उलगडा प्रतिभेच्या गूढात शोधायचे कारण नाही, तो देशी नियमांत आहे. प्यादी एकेक घर सरकत असल्याने देशी डावाच्या आरंभी दोन्ही फौजांची गाठच लवकर पडत नाही, सुरुवातीची चूक स्वस्त असते. उलट प्याद्याचे रूपांतर घरावर अवलंबून असल्याने शेवटी कोणते प्यादे कोणत्या पट्टीतून न्यायचे याचा विचार बारकाईने करावा लागतो. सुलतान खानने नव्या पटावर जुनाच बाजारभाव आणला. जिथे तो भाव जास्त काटेकोर होता तिथे त्याने जग जिंकले, जिथे सैल होता तिथे तो पुस्तक वाचलेल्यांच्या तडाख्यात सापडला. ग्रँडमास्टर हा मानद किताब त्याला मिळाला 2024 साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पद्धतीला एवढे डोक्यावर घेऊ नये, सूत्रधार कसलेला असला की कोणत्याही नियमांत रंग भरतो. असे खेळ रचणाऱ्या रॉन एडवर्ड्सने ‘सिस्टीम डझ मॅटर’ नावाचा लेख लिहिला तो याच समजुतीविरुद्ध, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. कसलेला सूत्रधार खेळ रंगवतो तेव्हा बहुधा तो नको ते नियम गुपचूप गाळत असतो. म्हणजे तो दुसरीच पद्धत खेळवत असतो, फक्त ती छापलेली नसते. भारूड सादर करणारा रंगला की पदे पुढेमागे करतो, पण टाळकऱ्यांना ते कळते आणि ते त्याच्याबरोबर वळतात. टेबलावरच्या खेळाडूला मात्र नियम कुठे वाकला हे कळले नाही तर त्याचा बेत वाया जातो. आक्षेपात तथ्य इतकेच की वाईट सूत्रधाराला चांगली पद्धत वाचवू शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नवी पद्धत शिकायला वेळ आणि पैसा लागतो, हाताशी आहे तीच का वापरू नये? हा खर्च सगळ्यांना सारखा पडत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. रोलप्लेइंगची नियमपुस्तके जाडजूड, महाग आणि बहुतांश इंग्रजीत. पुण्यातल्या एखाद्या कॅफेत बसणाऱ्यांना पद्धत बदलणे म्हणजे महिन्याभराची करमणूक. झरीतल्या मुलांना आधी एक भाषा ओलांडावी लागेल. पण याचे उत्तर एकाच पद्धतीला चिकटून राहणे हे नाही. चार-सहा पानांत मावणाऱ्या पद्धती आता मुबलक आहेत, आणि लळिताची, भारुडाची सोंगे पाहत वाढलेल्या पोरांना भूमिका घेणे कोणी शिकवायला नको. अडचण नियमांच्या भाषेची आहे, आणि ती अनुवादाने सुटण्याजोगी आहे.

मग बुद्धिबळातला बदल चुकला का? नाही. 1924 साली पॅरिसमध्ये फिडे ही जागतिक बुद्धिबळ संघटना स्थापन झाली, 1951 साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ आला, 1955 साली एलुरूच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरांनी जिंकली, आणि जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिला विश्वचषक. गावोगावच्या वेगवेगळ्या रिवाजांनी यातले काहीही घडले नसते. पण देशी पद्धत गेली ती खेळ म्हणून कमी होती म्हणून नव्हे, तिच्या स्पर्धा नव्हत्या म्हणून. आणि जाताना नियमांबरोबर एक वागणूक घेऊन गेली: डावाला बसण्यापूर्वी दोघांनी काय चालेल, काय चालणार नाही ते ठरवून घेणे. उडी शहानंतर चालेल का? प्याद्याचा दुसरा वजीर होईल का, की पहिला मेल्यावरच? रोलप्लेइंगवाले आज जिला ‘सेशन झीरो’ म्हणतात आणि नवी युक्ती म्हणून एकमेकांना शिकवतात, ती पहिल्या डावाआधीची बैठक याच जातीची आहे.

तेव्हा पद्धत बदलू पाहणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. जुनी पात्रे नव्या नियमांत ओढून नेऊ नका. नवी, बिननावाची, मरायला मोकळी पात्रे घ्या, तीन-चार छोटे डाव हरा, आणि कोणती चूक किती महाग पडली ते लिहून ठेवा. जुना नायक परत आणायचा असेल तर त्यानंतर. आणि ज्यांच्या घरात देशी बुद्धिबळ खेळलेले कोणी आजोबा अजून आहेत, त्यांनी या दिवाळीत पट मांडून त्यांना एवढे विचारावे, की तुमच्या गावात राजाची घोडउडी शह बसल्यावर चालायची की नाही, आणि मोहरा मारत चालायची की नाही. उत्तर गावाच्या नावासह कागदावर उतरवून ठेवा.