पथारीचे चार दगड

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याचा आठवडे बाजार उभ्याने वाचता येत नाही, खाली बसावं लागतं. पाड्यावरून आलेली बाई डोक्यावरची पाटी उतरवते, फडकं अंथरते, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवते आणि वाटे लावते. पावसाळ्यात करटुली आणि बांबूचे कोवळे कोंब, उन्हाळ्यात मोहाची फुलं, सुगीनंतर नागली-वरई. गिऱ्हाईक समोर उकिडवं बसतं. दोघांची नजर एका पातळीवर आली की भाव सुरू होतो. वाट्यावर वर टाकलेली मूठ हा त्या संवादाचा पूर्णविराम.

बाजारासाठी गावोगाव बांधलेल्या ओट्यांवर नेमकी हीच ओळ गाळलेली दिसते. ओट्यावर बाई वर आणि गिऱ्हाईक खाली, नाहीतर ती बसलेली आणि ते उभं. डोक्यावरचं ओझं तिथवर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो तो वेगळाच. म्हणून ओट्यावर शेळ्या आणि बाजार रस्त्यावर, हे चित्र महाराष्ट्रात नवं नाही.

पथारीच्या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र शेजार. एका पाड्याच्या बाया लगत बसतात. एक पोराला पाजायला उठली की दुसरी तिचे वाटे विकते. आणि सकाळी विकणारी तीच दुपारी घेणारी होते: मीठ, तेल, सुकट. सुकटवाला तिच्या हाकेच्या अंतरावर असतो, तो उगाच नव्हे. हा नकाशा कुणी कागदावर काढलेला नाही. दर आठवड्याला थोडं भांडून, थोडं सरकून तो पुन्हा काढला जातो.

पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यात यासाठी एक सुंदर शब्द आहे: नैसर्गिक बाजार. विकणारे-घेणारे परंपरेने जिथे जमतात, ती जागा. ती ठरवायला शिफारस करणाऱ्या समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश बायका. शब्द सुंदर, पण माझी एक तक्रार आहे. बाजार झाडासारखा उगवत नाही. ‘नैसर्गिक’ म्हटलं की त्या सरकण्या-भांडण्याचे श्रम दिसेनासे होतात. त्यापेक्षा अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा १९९६ चा पेसा कायदा मला जास्त रसिक वाटतो. गावबाजार कोणत्याही नावाने ओळखला जात असो, त्याचा कारभार तो ग्रामसभा-पंचायतींकडे देतो. सुरगाणा तालुका सगळाच अनुसूचित क्षेत्रात. गावाला नगरपंचायत असल्यामुळे तिथे पहिला कायदा, आसपासच्या खेड्यांत दुसरा. योगायोग असा की पहिल्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी आणि महाराष्ट्राचे पेसा नियम, दोन्हींची तारीख एकच, ४ मार्च २०१४.

कायद्याच्या शब्दांपलीकडे, अशी जागा प्रत्यक्ष घडवल्याचं एक उदाहरण आहे: दक्षिण आफ्रिकेत दर्बानच्या वॉरविक जंक्शनला वापरात नसलेल्या उड्डाणपुलावर जडीबुटीवाल्यांचा बाजार वसला. तिथे विक्रेत्यांशी बोलून, त्यांचं बसणं-उठणं पाहून मग जागा घडवली गेली. सुरगाण्यात असं करायचं ठरलं तर आराखडा काढणाऱ्याने आधी एक अख्खा बाजार त्या बायांच्या रांगेत बसून काढावा, आणि पट्टी-पेन्सिल घरी ठेवावी.

शेवटच्या गाडीच्या आधी फडकी झटकून गुंडाळली जातात. पाटीत आता मीठ आणि सुकट. दगड कुणी नेत नाही. चार-चारच्या चौकोनांत ते पुढच्या बाजारापर्यंत तिथेच पडून असतात.