पाठवली की गेली?

ओरत्तनाडूच्या मुक्तांबा छत्राच्या ओट्यावर बसून मी एका तमिळ मैत्रिणीला श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीची गोष्ट सांगत होते. “गोपाळरावांनी बायकोला डॉक्टर व्हायला अमेरिकेला पाठवलं,” असे मी म्हटले. तिने लगेच विचारले, “अनुप्पिनारा, पोनाळा?” पाठवली, की गेली? भाषांतर हाच व्यवसाय असूनही मराठीतले हे रुळलेले वाक्य मी कधी तपासले नव्हते.

१९६८ सालच्या या कादंबरीचे मोल मी कमी लेखत नाही. सुधारकाचे घर आतून कसे असते, हे तिने मराठी वाचकाला दाखवले. बायकोने शिकावे म्हणून तिच्यावर हात उगारणारा नवरा तिने झाकला नाही. पण कथानक पुढे रेटते ते गोपाळरावांच्या हट्टानेच. त्या हट्टाचा आनंदीवर काय परिणाम झाला, हे आपल्याला कळते. तिची स्वतःची इच्छा कुठे सुरू झाली, हे मात्र अंधुक राहते. २०१९ च्या चित्रपटाचेही नाव तेच, आणि भर पुन्हा नवऱ्याच्या ध्यासावर.

आता नोंदी पाहू. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा त्यांना अठरावे वर्ष पूर्ण होऊन आठवडा झाला होता. गोपाळराव बरोबर नव्हते. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारीला, श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत त्यांनी ‘मी अमेरिकेला का जाते’ याची कारणे इंग्रजीतून मांडली होती. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज काय, जात टाकील का, परमुलखात संकट आले तर काय, अशा लोकांच्या शंका एकेक करून घेत त्यांनी उत्तरे दिली. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या बाईने पुढे फिलाडेल्फियात प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्र निवडावे, याला केवळ नवऱ्याचा आग्रह म्हणता येत नाही.

त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्या विधवा होत्या. पाठवणारे कोणी नव्हते. आपला ‘इंग्लंडचा प्रवास’ त्यांनी मराठीत स्वतःच लिहिला. म्हणजे बाईने समुद्र ओलांडल्याची प्रथमपुरुषी हकिगत मराठीत १८८३ पासूनच आहे. तरी आपल्या ऐतिहासिक कथेला ‘पाठवली’ हेच क्रियापद जवळचे वाटत राहिले.

मग ‘पाठवली’ खोडून ‘गेली’ लिहिले की काम झाले? नाही. नवव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला ‘ती स्वेच्छेने गेली’ म्हटले, तर मार खाऊन गिरवलेले धडे पुसले जातात. कादंबरीकाराचे खरे काम या दोन क्रियापदांच्या मध्ये आहे. पाठवली जाणारी मुलगी कोणत्या घडीला जाणारी बाई झाली? मला ती घडी श्रीरामपूरच्या सभेत दिसते. तिथे सगळे प्रश्न तिला विचारलेले होते आणि उत्तरे तिला द्यायची होती.

ज्या छत्रात हा प्रश्न निघाला, तेही बायकांच्या प्रवासाशी जोडलेले आहे. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी मुक्तांबेच्या नावाने ते रामेश्वरच्या वाटेवर उभारले. १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात महाराज छत्रांचा कारभार सांगतात, त्यात वाटेत बाळंत होणाऱ्या बायकांचीही सोय येते. बाई घराबाहेर पडते, गरोदरपणीही पडते, हे तिथे गृहीत धरलेले आहे. याच महाराजांच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात जगाचा भूगोल पदांतून सांगते ती एक भटकी कुरवंजी. शब्द राजाचे, हे खरे. पण तंजावरच्या मराठीला परदेशांची माहिती एका फिरत्या बाईच्या तोंडी घालावीशी वाटली.

आनंदीबाईंची निदान पत्रे आहेत. याच तंजावर मुलखातून नागपट्टणमच्या बंदरावरून मलायाला मजुरीला गेलेल्या बायकांचे काय? कोणी नेली, कोणी फसवली, कोणी घर सोडून निघाली. एकाच जहाजावर ही सगळी क्रियापदे शेजारी बसली असतील. त्यांच्यावर मराठीत कादंबरी लिहायची, तर आधी हे प्रश्न विचारावे लागतील.

मैत्रिणीला मी त्या दिवशी उत्तर दिले, “आधी अनुप्पिनार, मग पोनाळ.” ती म्हणाली, “मग ‘मग’पासून सांग.”