चार प्राध्यापकांचं पत्र आणि त्यातलं उरलेलं काम

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी सांगते: कायद्याच्या कॉलेजांतली विधी सहाय्य केंद्रं. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे गरिबांना फुकट वकील, असंच ना?" तेही आहेच. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजात असं केंद्र असायलाच हवं. पण कायदा शिकवणाऱ्या माणसांनी नागरी हक्कांसाठी केलेलं जे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते अशा कुठल्या केंद्रात झालंच नाही. ते एका पत्रातून झालं. आज त्या पत्राबद्दल लिहितेय. कौतुक आहे, आणि एक तक्रारही आहे.

आधी प्रकरण थोडक्यात. २६ मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी, आईबाप नाहीत, वय डॉक्टरांच्या अंदाजानं १४ ते १६. भावानं केलेल्या तक्रारीवरून तिला रात्री पोलीस चौकीत आणलं. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, तिला मात्र थांबवून घेतलं. एका शिपायावर बलात्काराचा आणि एका हवालदारावर अंगाशी झोंबल्याचा आरोप झाला. कायद्याच्या पुस्तकात हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं आहे. बाकी सगळीकडे तो मुलीच्या नावानं ओळखतात. मी इथं ते नाव घेणार नाही. का, ते पुढे येईलच.

तीन कोर्टांनी तीच कागदपत्रं वाचली. १९७४ साली चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं मुलीलाच खोटं ठरवलं आणि दोघांना सोडलं. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला; शिपायाला पाच वर्षं, हवालदाराला एक वर्ष शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे झटापट नाही; झटापट नाही, म्हणजे संमती आहे. साधारण असा त्या निकालाचा प्रवास.

बरोबर एका वर्षानं, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर हे दिल्ली विद्यापीठात कायदा शिकवणारे, आणि चौथ्या पुण्याच्या वसुधा धागमवार. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. ना मोर्चा, ना याचिका. चार शिक्षकांनी देशातल्या सर्वोच्च कोर्टाचा एक निकाल घेतला आणि वर्गात उत्तरपत्रिका तपासावी तसा ओळीओळीनं तपासला.

आता पत्र काय करतं ते बघा. पहिलं म्हणजे संमती आणि निमूट राहणं यांतला फरक. घाबरलेलं माणूस गप्प राहतं. ते गप्प राहणं म्हणजे 'हो' नव्हे. रात्री, पोलिसांच्याच चौकीत, पोलिसांनीच दार लावलेलं असताना या वयाच्या मुलीनं नेमकी कुणाला हाक मारायची होती, असा प्रश्न ते विचारतात. दुसरं, तिला तिथं थांबवून घेणंच मुळात बेकायदा होतं, त्याबद्दल निकालात अवाक्षर नाही. आणि त्याच १९७८ साली, नंदिनी सत्पथी खटल्यात, याच कोर्टानं बाईला पोलीस ठाण्यात बोलावण्याबद्दल कडक शब्द वापरले होते. तिसरं, गरिबी, वय, कायद्याची माहिती नसणं, खाकीची भीती यांतलं काहीच न्यायाधीशांनी पुरावा वाचताना जमेत धरलं नाही.

पत्र पुन्हा पुन्हा वाचताना मला जाणवतं ते हे, की त्यात शिक्षा वाढवा असं कुठं म्हटलेलं नाही. फाशीची भाषा नाही, 'अबला' नाही, घराण्याची अब्रू नाही. मागणी एवढीच, की हा खटला मोठ्या पीठानं पुन्हा ऐकावा. सगळं भांडण पुरावा कसा वाचायचा याचं आहे.

हे वर्ध्यात बसून लिहिताना जास्तच बोचतं. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवलं. आठवडाभरात ती गेली. रस्त्यावर उतरलेल्या लोकांची मागणी एकच होती: फाशी. तो राग खोटा होता असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्या वातावरणातून जो 'शक्ती' कायदा विधिमंडळानं डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केला, त्याचीही ओळख 'फाशीचा कायदा' अशीच झाली. शिक्षा येते सगळ्यात शेवटी. त्याआधी तक्रार, जबाब, वैद्यकीय तपासणी, उलटतपासणी असे किती दरवाजे! वडशाची केस शिक्षा कमी होती म्हणून नाही पडली. ती आधीच्याच दरवाजात अडली.

आता तक्रारीकडे येते.

एक. संमती आणि शरणागती यांतला फरक हा पत्राचा कणा, पण तो दिल्लीत जन्मलेला नाही. नागपूर खंडपीठानं १९७६ सालीच सांगितलं होतं, की असहायपणे शरीर सोडून देणं म्हणजे इच्छा नव्हे. पत्रानं तो धागा पुन्हा उचलला, हे चांगलंच. पण आज वर्गात ही गोष्ट शिकवताना 'सर्वोच्च न्यायालय चुकलं, चार प्राध्यापकांनी दाखवून दिलं' एवढीच शिकवली जाते. विदर्भात बसलेल्या न्यायाधीशांनी हाच कागद नीट वाचला होता, हे मधल्या मध्ये गळून जातं. चांगला निकाल पडल्यावर तोही जपून ठेवावा लागतो, नाहीतर दोन वर्षांत पुसला जातो.

दोन, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: पत्राचा पत्ता. ते इंग्रजीत आहे आणि वर बघून लिहिलेलं आहे. त्याचा सगळा रोख देशातल्या शेवटच्या कोर्टावर. पण त्या कोर्टानं ज्याच्यावर विसंबून निकाल दिला, तो डॉक्टरचा कागद कसा तयार झाला? मुलीची तपासणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. तिला 'सवय' आहे असा शेरा त्यात आला, आणि तोच शेरा पुढे तिच्याविरुद्ध वापरला गेला. न्यायाधीश चुकीचं वाचतात, हे पत्रानं दाखवलं. त्यांच्यासमोर येणारा कागदच वाकडा असतो, तिथवर पत्र गेलं नाही.

तो कागद हातात घेतला, तोही आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० च्या सुमारास अत्याचारपीडितांची वैद्यकीय तपासणी किती ढिसाळ होते यावर अहवाल केला. त्यातून नागपूर खंडपीठात जनहित याचिका उभी राहिली. २०१३ साली महाराष्ट्र सरकारनं तपासणीची नवी पद्धत लावली आणि कुख्यात 'टू फिंगर टेस्ट' वगळली. पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल. मी हे त्या पत्राचंच उरलेलं पान समजते. फक्त ते लिहिलं दवाखान्यातल्या माणसानं, आणि तीसेक वर्षं उशिरा.

मग पत्रानं मिळवलं काय? निकाल बदलला नाही. पण मुंबईत, नागपुरात, दिल्लीत बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बलात्कारात, शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईनं संमती नव्हती असं सांगितलं, तर कोर्टानं ते आधी खरं धरायचं. आणि बाकीच्या खटल्यांत? तिथं जुनीच वाचनपद्धत तीस वर्षं चालली. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे वाक्य कायद्यात आलं ते २०१३ मध्ये. नागपूरचा निकाल १९७६ चा. हिशोब तुम्हीच करा.

त्याच १९८३ च्या दुरुस्तीनं पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरवलं. म्हणजे जिच्यामुळं हा नियम आला, तिचंच नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापलेलं आहे. नाव सगळ्यांना पाठ, आणि तिला काय हवं होतं हे कुणाच्याच टिपणात नाही. पत्रातही ती बोलत नाही. तिच्याबद्दल बोललं जातं. चौघांच्या हेतूवर माझा अजिबात संशय नाही. बक्षी आणि लतिका सरकार यांनी पुढे आग्र्याच्या महिला संरक्षणगृहाबद्दल कोर्टाला असंच पत्र लिहिलं आणि त्याची याचिका झाली. धागमवारबाईंनी १९८५ साली 'मार्ग' ही संस्था काढली आणि साध्या माणसांना कायदा समजावण्याचं काम केलं. मला तर वाटतं, पत्ता बदलायला हवा हे त्यांनाच सगळ्यात आधी कळलं असावं.

म्हणून लॉ कॉलेजच्या केंद्रांकडून माझी अपेक्षा शिबिरांच्या फोटोंची नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातल्या कोर्टाचे निकाल वाचावेत. आरोपी का सुटला, कुठल्या कागदावर सुटला, ते शोधावं. आणि मराठीत लिहावं, त्या गावात वाचलं जाईल असं. पत्र वर पाठवायला हरकत नाही, पण एक प्रत खालीही हवी.

आणि तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी, कारण त्या मला वारंवार विचारतात. तक्रार देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. आणि महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा.