ओसरीतली ‘सरी’

मर्यादा सोडून वागणाऱ्याने ‘मार्क ओव्हरस्टेप’ केला असे इंग्रजीत म्हणतात, आणि क्रिकेटवेड्या आपल्याला त्याचे चित्र चटकन दिसते: गोलंदाजाचे पुढचे पाऊल टेकताना त्याचा कणभरही भाग पॉपिंग क्रीजच्या मागे उरला नाही, की नो-बॉल. क्षणाचा निवाडा! आपली ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण मात्र सवडीने आस्वादावी अशी आहे.

आधी ‘दिली’ पाहा. इंग्रजीतली रेघ कोणी आखली याचा पत्ता नाही. इथे अतिक्रमणाचे बीज यजमानाच्याच औदार्यात रुजलेले आहे. आणि दिले काय, तर ओसरी! ना धड घर, ना धड अंगण. आल्यागेल्याने टेकावे, गप्पा माराव्यात, पाणी प्यावे अशी ती अर्धी उघडी जागा. तिथे हद्द दाखवायची तरी कुठे? मग येते ‘पसरी’. ‘पसरला’ नव्हे; अंगवळणी पडलेल्या सवयीचे ते जुने, ऐसपैस क्रियारूप. आता कान द्या: ओसरीतलीच ‘सरी’ पाहुण्याने अलगद आपल्या क्रियापदात नेली आहे, म्हणजे जागा बळकावण्याचा सारा व्यवहार यमकातच उरकला! (बिचारा भट नाहक बदनाम, ओसरी मिळाली की आपण सारेच भट.)

सुरतेच्या गोडादऱ्यात ही म्हण शेजाराला बसते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कामासाठी तापीच्या दिशेनेच उतरलेली खानदेशी कुटुंबे इथे, लिंबायत-उधन्यात, यंत्रमाग आणि साडीबाजाराच्या आधाराने स्थिरावली. ओसरीची जागा घरापुढच्या ओटल्याने घेतली. शेजारचा गुजराती याच प्रसंगी म्हणेल, ‘आंगळी आपतां पहोंचो पकडे’: बोट दिले, तर मनगट धरले. झडप घालणारी, झणझणीत म्हण! पण मला आपला भटच अधिक भावतो. तो काही हिसकावत नाही, नुसता आडवा होतो, आणि त्याला उठवायला जाणारा यजमानच ओशाळतो.

सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. तिथल्या शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते: फळ्यावर अर्थ लिहिण्याआधी ही म्हण मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या.